खोकला जात नाहीये? पुढची बाटली घेण्याआधी हा क्रम पाळा

मुंबईत खोकल्याला निमित्त शोधावं लागत नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल, ऑक्टोबरात दिवसा उकाडा आणि पहाटे गारवा, दिवाळीत फटाके, थंडीत धुरकट हवा, आणि बारा महिने शेजारच्या रिडेव्हलपमेंटची धूळ. म्हणून 'हवाच खराब आहे' असं म्हणत माणूस महिना-दोन महिने आरामात काढतो. मेडिकलमधून एक बाटली येते, ती संपली की दुसऱ्या रंगाची येते, मधे कुणीतरी अँटिबायोटिकचा तीन दिवसांचा कोर्स सुचवतं. पैसे जातात, खोकला राहतो. लांबलेल्या खोकल्याचं कारण बहुतेक वेळा सापडतं, पण ते क्रमाने शोधावं लागतं. आधी काय तपासायचं, मग काय, आणि कुठल्या उपायाला किती दिवस द्यायचे, तो क्रम इथे मांडला आहे.

पहिली पायरी: कॅलेंडर काढा

खोकला नेमका कधी सुरू झाला ती तारीख लिहून काढा. 'बरेच दिवस झाले' हे डॉक्टरांना सांगून उपयोग नाही. साध्या सर्दी-तापानंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. आपली अपेक्षा मात्र आठवड्यात बरं होण्याची असते, आणि या दोहोंमधल्या दिवसांत सगळ्यात जास्त अनावश्यक गोळ्या खाल्ल्या जातात. मोठ्या माणसांत तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला अल्पकालीन, तीन ते आठ आठवड्यांचा मधला, आणि आठ आठवड्यांपुढचा जुनाट धरतात. मधल्या गटातले पुष्कळ खोकले व्हायरल आजाराची शेपूट असतात आणि आपोआप जातात.

पण आपल्या देशात या हिशेबाच्या आधी एक वेगळी रेषा आहे: दोन आठवडे. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

तारखेसोबत आणखी चार गोष्टी टिपा. खोकला रात्री जास्त की दिवसा, आडवं झाल्यावर वाढतो का, बेडका पडतो का आणि त्याचा रंग कोणता, जेवल्यावर किंवा हसल्यावर उबळ येते का. कोरडा खोकला आणि कफाचा खोकला अशी बाटल्यांवर असते तेवढी स्वच्छ विभागणी प्रत्यक्षात नसते, त्यामुळे त्या एकाच प्रश्नावर अडून बसू नका.

थांबायचं नाही अशी लक्षणं

बेडक्यात रक्त, बसल्या जागी धाप, ओठ किंवा नखं निळसर दिसणं, छातीत तीव्र दुखणं, किंवा लहान मुलाला खाता-खेळताना अचानक ठसका लागून मग खोकला न थांबणं, यांपैकी काही असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा आणि आत्ता रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घामाने कपडे भिजणं, वजन उतरणं, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, किंवा वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या खोकल्याचा अचानक बदललेला सूर, यांत आजच धावायला हवं असं नाही, पण याच आठवड्यात दाखवा.

दुसरी पायरी: दोन आठवडे झाले की बेडका तपासा

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा नियम सरळ आहे: दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी. घरात कुणाला टीबी झालेला असेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. 'आमच्या घरात असलं काही नाही' हे वाक्य टॉवरमध्येही ऐकू येतं आणि चाळीतही. टीबीचे जंतू हवेतून पसरतात. लोकलचा डबा, ऑफिसची बंद एसी खोली, कोचिंग क्लास, कुठूनही मिळू शकतात.

तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. जवळचा महापालिकेचा दवाखाना, आरोग्य केंद्र किंवा 'आपला दवाखाना' गाठा. केईएम, सायन, नायर या मोठ्या रुग्णालयांत थेट गेलात तरी चालतं, फक्त केस पेपरच्या रांगेत सकाळ जाते. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय मुख्यतः गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी आहे, पहिल्या तपासणीसाठी तिथे धाव घ्यायची गरज नाही. चौकशीसाठी १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन आहे. खाजगी डॉक्टरांकडे जात असाल तर त्यांनाही विचारा की जनुकीय तपासणी, म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, करता येईल का. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत सुटणारे जंतू यात सापडतात, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण मुंबईत बरेच आहेत, म्हणून ही माहिती उपचार सुरू होण्यापूर्वी हातात असलेली बरी.

बेडका कसा द्यायचा हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. हातात डबी येते आणि लोक त्यात थुंकी भरून आणतात. थुंकीतून काही कळत नाही. सकाळी उठल्यावर, खाण्यापिण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा. गॅलरीत किंवा गच्चीवर, उघड्या हवेत उभे राहा, आसपास कुणी नको. दोन-तीन खोल श्वास घ्या, शेवटचा क्षणभर रोखा आणि पोटातून जोर लावून खोका. घट्ट, चिकट येईल तो बेडका. तो डबीत घेऊन झाकण पक्कं लावा आणि लवकर पोचवा. साधारणपणे दोन नमुने मागतात, एक तिथल्या तिथे आणि एक पहाटेचा. सोबत छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. तोही टाळू नका.

तपासणी होईपर्यंत एक पथ्य पाळाच: स्वतःच्या मनाने लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकं घेऊ नका. या गटातली औषधं टीबीच्या जंतूंवर अर्धवट काम करतात. चार दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान महिनाभर पुढे जातं. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही तसंच. मला विचाराल तर लांबलेल्या खोकल्यात सगळ्यात जास्त नुकसान याच 'स्ट्राँग गोळी'ने होतं.

टीबी निघालाच तर साध्या प्रकाराचा उपचार ६ महिन्यांचा, औषधं मोफत. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. खोकला काही आठवड्यांत ओसरतो, आणि नेमका तिथेच अनेकांचा डोस सुटतो. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या.

तिसरी पायरी: गोळ्यांचा डबा आणि घर

हे काम फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतं. घरातल्या औषधांच्या डब्यातली नावं वाचा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का? रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. या गटाच्या औषधांनी काही जणांना कोरडी, घसा खवखवणारी ढास लागते, कधी पहिल्या आठवड्यात, कधी कित्येक महिन्यांनी. म्हणून कुणाला संशय येत नाही. गोळी परस्पर बंद करू नका, रक्तदाब उसळेल. डॉक्टरांना विचारून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनच्या गटातली गोळी घेता येते. त्यानंतर खोकला जायला बहुधा एक ते चार आठवडे लागतात, क्वचित तीन महिने. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर तेही सांगा. डोळ्यातल्या थेंबानेही दमेकऱ्याचा त्रास वाढू शकतो, आणि थेंबांना औषध म्हणून कुणी मोजतच नाही.

मग घर. विडी-सिगारेट उघड आहे, पण घरात तव्यावर मशेरी भाजली जात असेल तर तो धूर सगळ्यांच्या छातीत जातो. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, देव्हाऱ्यासमोरचा धूप आणि उदबत्ती, दोन्ही घ्या यादीत. देवापुढे निरांजन लावा, खिडकी उघडी ठेवा, देव रागावत नाही. कपाटामागच्या भिंतीला पोपडे सुटून काळी बुरशी धरली असेल तर रंग मारून ती झाकू नका, आधी गळती थांबवा. ऊन पडलं की कपाट पुढे ओढा. बांधकामाच्या बाजूची खिडकी दिवसा बंद ठेवा आणि लादी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

कबुतरांवर मुंबईत वाद भरपूर झाला. दादरचा कबुतरखाना महापालिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्रीने झाकला तेव्हा रस्त्यावर आंदोलनं झाली. धर्माचा आणि भूतदयेचा मुद्दा बाजूला ठेवून वैद्यकीय भाग पाहू. कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासातून गेली तर काही लोकांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. सगळ्यांना नाही, पण ज्यांना येते त्यांचा कोरडा खोकला आणि जिना चढतानाची धाप महिन्यामहिन्याने वाढत जाते, आणि वेळेत न थांबवल्यास फुप्फुसं कडक होतात. साध्या एक्स-रेत हे सुटू शकतं, सीटी स्कॅन लागतो. तेव्हा एसीच्या खोक्यावर किंवा डक्टमध्ये घरटं असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा. साफसफाई करताना सुकी विष्ठा खरवडू नका. आधी पाणी मारा, एन-९५ मास्क लावा, आणि खोकणाऱ्या माणसाला त्या खोलीत ठेवू नका.

चौथी पायरी: एक्स-रे स्वच्छ आला, बेडक्यात काही नाही, तरी खोकला आहे

इथे लोक हताश होतात, खरं तर ही चांगली बातमी आहे. विडी न ओढणाऱ्या, 'प्रिल' न घेणाऱ्या आणि स्वच्छ एक्स-रे असलेल्या माणसात जुनाट खोकल्याचे मुख्य संशयित तीन उरतात: दमा आणि त्याची भावंडं, नाक, आणि पोटातलं आम्ल. कधी एक, कधी दोन एकत्र. एकावेळी एकाचा माग काढा. तिन्हींची औषधं एकदम सुरू केली तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही आणि सगळीच वर्षभर चालू राहतील.

नाकाचं आधी उरकू, कारण ते सोपं आहे. सकाळी उठल्यावर शिंका, नाक चोंदणं, घशामागे काहीतरी ओघळतंय असं वाटून सारखं खाकरणं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून जलनेती करा. नळाचं पाणी थेट नाकात नको. डॉक्टरांनी फ्लुटिकासोनसारखा नाकाचा फवारा दिला तर त्याला निदान दोन-तीन आठवडे द्या. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही आणि रक्त येत नाही. नाक क्षणात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत, नाही तर तेच नाक चोंदवतात.

दमा म्हणजे धाप आणि छातीत घरघर, अशी आपली समजूत. पण असाही दमा असतो ज्यात फक्त खोकला येतो. पहाटे दोन-तीनला जाग आणणारी ढास, थंड हवेत, जिन्यावर, हसताना किंवा फोडणीच्या वासाने येणारी उबळ, लहानपणी 'बाळदमा' असल्याची घरातली आठवण, किंवा आईला-मावशीला पंप, ही त्याची चिन्हं. तपासणी स्पायरोमेट्रीची: नळीत जोरात फुंकायचं, मग औषध देऊन पुन्हा फुंकायचं. औषधानंतर फुंकलेल्या हवेचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलीलिटरने वाढला तर दम्याच्या बाजूने पुरावा. मात्र ज्या दिवशी त्रास नाही त्या दिवशी ही चाचणी नॉर्मल येऊ शकते, म्हणून एका नॉर्मल रिपोर्टवर दमा नाही असं ठरत नाही. मग डॉक्टर इन्हेलर देऊन चार ते आठ आठवड्यांत फरक बघतात.

'पंप लागला की सुटत नाही' ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे घरचे लोक मुलीचं लग्न ठरेपर्यंत पंप लपवून ठेवतात आणि तिला गोळ्या खायला लावतात. हिशेब उलटा आहे. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये, आणि ती सगळ्या अंगभर फिरते. सवय पंपाची लागत नाही, आजार जुनाट आहे म्हणून औषध चालू राहतं.

पंप नीट न घेतल्यामुळे 'लागू पडला नाही' म्हणणारेही पुष्कळ. दाबायचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. पंप हलवा, स्पेसरला जोडा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, तोंड नळीभोवती घट्ट मिटा, एकदा दाबा आणि सावकाश खोल श्वास घ्या. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा डोस अर्ध्या ते एका मिनिटाने. रोटाकॅपच्या कोरड्या भुकटीला उलट नियम: श्वास जोरात आणि झटकन ओढायचा. दोन्हीनंतर चूळ भरून थुंका, नाही तर तोंड येतं आणि आवाज बसतो. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. ते घाईत असले तरी दाखवाच.

आम्लाचा खोकला मुंबईच्या वेळापत्रकातच दडला आहे. साडेआठची लोकल पकडून साडेनऊला घरी, दहाला जेवण, साडेदहाला आडवं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, जेवणानंतर किंवा वाकल्यावर ढास असेल तर संशय घ्या. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास शक्य नसतील तर संध्याकाळी सहाला ऑफिसातच पोळीभाजी खा आणि घरी येऊन ताक-भातावर भागवा. स्टेशनवरचा वडापाव आणि पाचवा चहा कमी करा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो अर्धा फूट उचला. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. जळजळ असेल तर डॉक्टर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देतात, आणि खोकल्यावर परिणाम दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. जळजळ मुळीच नसताना खोकल्यासाठी या गोळ्या वर्षभर खाण्यात अर्थ नाही.

बाटल्या आणि काढे

घशाला आराम देणारी सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे झोपताना चमचाभर मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो. अडुळसा आपल्या परसातला. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे आधुनिक कफ पातळ करणारं औषध तयार झालं, तेव्हा आजीला हसू नका. पण जेष्ठमध रोज चघळणाऱ्याचा रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. सितोपलादी चूर्णात सगळ्यात मोठा वाटा खडीसाखरेचा, मधुमेहींनी ते लक्षात ठेवावं. वाफ घेताना चटका बसणारी मुलं दरवर्षी दिसतात. त्यांना उकळत्या भांड्यापासून लांब ठेवा.

सिरपबद्दल मी कडक आहे. ढास दाबणारं औषध चार रात्री झोप यावी म्हणून ठीक, दोन महिने नाही. आणि लहान मुलांना परस्पर कधीच नाही. औषधाच्या द्रवात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलं गेलं तर मूत्रपिंडं बंद पडतात. हे या शहराने १९८६ मध्ये पाहिलं आहे: जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं गेली, कारण तेच. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत.

मुलांचा हिशेब एकूणच वेगळा. त्यांच्यात चार आठवड्यांपुढचा खोकला जुनाट धरतात. चार आठवडे सतत ओला, घरघरता खोकला असेल तर योग्य अँटिबायोटिकची गरज असू शकते, आणि ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. शेंगदाणा किंवा चणा श्वासनलिकेत अडकून आठवडे-आठवडे खोकणारी मुलं असतात, म्हणून 'खेळताना ठसका लागला होता का' हे आठवून सांगा. लसीकरण अर्धवट राहिलेल्या तान्ह्या बाळात डांग्या खोकल्यात उबळीनंतर श्वास ओढताना येणारा तो ओळखीचा 'हूप' आवाज अनेकदा ऐकूच येत नाही. बाळ निळं पडतं किंवा श्वास थांबतो. अशा वेळी रुग्णालय, लगेच.

सगळं झालं आणि तरीही

काहींच्या घशाच्या नसाच हळव्या होऊन बसतात. एखाद्या व्हायरल आजारानंतर अत्तराचा वास, एसीची झुळूक, फोनवरचं बोलणं एवढंही उबळ यायला पुरतं. रिपोर्ट सगळे स्वच्छ, आणि घरचे म्हणतात मनाचं आहे. मनाचं नसतं. अशा खोकल्यावर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून शिकण्यासारखे व्यायाम आहेत आणि छातीच्या डॉक्टरांकडे नसा शांत करणारी औषधंही आहेत. घरी करून पाहण्यासारखं: खाज उठताच तोंड मिटा, आवंढा गिळा, पाण्याचा एक घोट घ्या, नाकाने हळू श्वास आत घ्या आणि ओठ चंबूसारखे करून सोडा. पहिल्या आठवड्यात दहातली दोनच उबळ टळेल. दिवसभर बोलणाऱ्या शिक्षकांनी आणि कॉल सेंटरमधल्यांनी बाटली हाताशी ठेवावी आणि घसा खाकरून साफ करायची सवय सोडावी, कारण प्रत्येक खाकरणं पुढच्या ढासेला बोलावतं.

बायकांसाठी एक, जे ओपीडीत बहुतेकींच्या तोंडून निघत नाही. खोकताना लघवी सुटत असेल तर ते सांगा. जुन्या खोकल्यात हे फार जणींना होतं, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवता येतात, आणि खोकला किती जोराचा आहे हेही डॉक्टरांना त्यातून कळतं. पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला अवघड वाटलं तर कागदावर लिहून पुढे सरकवा. त्याच कागदावर खोकला सुरू झाल्याची तारीख, सगळ्या गोळ्यांची नावं, घरातला टीबीचा किंवा दम्याचा इतिहास आणि आतापर्यंत कुठलं औषध किती दिवस घेतलं ते लिहा. सरकारी ओपीडीत आपल्या वाट्याला काही मिनिटं येतात, आणि जुने एक्स-रे घरी विसरले तर तीही वाया जातात.